पहाटेची जाळरेषा

१२ फेब्रुवारी, बुधवार

वणवा दिसला! मला! वरून!

घाईघाईत लिहितेय, म्हणून अक्षर असं कोंबडीच्या पायाचं. आज एकटीचं उड्डाण होतं. इरई धरण ओलांडलं आणि मोहर्लीच्या अलीकडे जंगलातून धूर. एका जागी नाही, लांबच लांब ओळ. आधी वाटलं जाळरेषा असेल. वणवा पसरू नये म्हणून जंगलखातं दर वर्षी पाचोळ्याची पट्टी आधीच जाळून ठेवतं, ती. सकाळी नोटामच्या कागदांत तशी सूचना होतीच. (उड्डाणाआधी हे कागद वाचायचे, वाचले म्हणून सही करायची, मगच विमानाला हात लावायचा. कुठली धावपट्टी बंद, कुठे क्रेन उभी, सगळं त्यात असतं.) अमुक भागात जाळरेषेचं काम, धूर असेल, कमी उंचीवरून जाऊ नका. पण तिची वेळ होती साडेतीन ते साडेसहा. आणि माझ्या घड्याळात दहा वाजून गेलेले! म्हणजे जाळणारे केव्हाच घरी जाऊन झोपले असणार. मग ही आग कोणाची?

खाली रेडिओवर गुणवंतराव सर होते, आमच्या फ्लाइंग क्लबाचे मुख्य शिक्षक. त्यांनी विचारलं, "पक्कं ना? जाळरेषा तं नाही ते?" मी ठासून सांगितलं, "नाही सर, तिची वेळ संपली. मी वाचलंय." सरांनी लगेच जंगलखात्याच्या कंट्रोल रूमला फोन लावला.

उतरले तेव्हा पोरं टाळ्या वाजवत उभी! चंचलनं चहा केला. एरवी ही माझी खोलीतली जोडीदारीण कप धुवायलाही कुरकुरते. म्हणाली, "दिव्यानी, आता तुया नावाचा फ्लेक्स लागते बघ तुया गावात, सावलीच्या चौकात."

लागो. मला काय!

(लागला तर आवडेल. इथे खोटं कशाला लिहू.)

१३ फेब्रुवारी

पेपरात फोटो!! 'सावलीच्या कन्येच्या सतर्कतेने वणवा टळला.' फोटो जुना, पहिल्या उड्डाणाचा, नाकावर तेलाचा काळा डाग तसाच. बाबांचा फोन आला. राईस मिलमध्ये सगळ्यांना वाचून दाखवला म्हणे, हमालांना दोनदा. मग आई फोनवर आली. नुसती हसत होती.

सर म्हणत होते, कंट्रोल रूमवाल्यांकडून असं काही आलंय की वणवा नव्हताच. आटोक्यात आला असेल लवकर. वेळेवर कळवलं म्हणूनच ना?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

कसं लिहू.

नव्या पोरांना नोटाम वाचायला शिकवायचं काम सरांनी मला दिलंय, कारण मी त्यात पहिली. नोटाममधली वेळ आपली नसते, लंडनकडची असते. साडेपाच तास मिळवले की आपली. हे मी पोरांच्या डोक्यात इतकं ठोकते की चंचल मला साडेपाचबाई म्हणते. तर आज फळ्यावर उदाहरण म्हणून परवाच्या कागदातलीच वेळ लिहिली. साडेतीन ते साडेसहा. मागे वळून विचारलं, "हां, आपल्याकडे किती वाजता?"

सगळा वर्ग एका सुरात, "नऊ ते बारा, मॅडम!"

खडू हातात तसाच राहिला.

नऊ ते बारा. मी दहानंतर गेले होते तिथे. ती जाळरेषाच होती. माणसं तिथे उभी राहून जाळत होती, आणि मी वरून ओरडले वणवा!

पोरं वाट बघत होती. मी म्हणाले, "शाब्बास." आणि पुढचं उदाहरण घेतलं. पुढचं उदाहरण घेतलं मी!

नंतर

का नाही मिळवले साडेपाच? झोप झाली होती, घाई नव्हती. कागद वाचला होता, शब्द न् शब्द. क्रेनच्या सूचनेला मिळवले, नागपूरच्या धावपट्टीच्या सूचनेला मिळवले. फक्त ह्या एकीला नाही. आणि कारण मला माहीत आहे, म्हणून जास्त लाज वाटते. बाकीच्या सूचना मोठ्या जगातल्या वाटल्या. पाचोळा जाळणं म्हणजे आपल्या गावाकडचं काम. गावाकडच्या कामाला गावचीच वेळ, असं डोक्यानं मला न विचारता ठरवून टाकलं.

वर आणखी मूर्खपणा! पहाटे साडेतीनला दवात भिजलेला पाचोळा कोण जाळेल? धानाच्या मुलखात वाढले मी. ओली तणस (धानाचा पेंढा) पेटत नाही हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मी तर मनात खात्याचं कौतुकही केलं होतं — वा, थंडाव्यात काम उरकतात!

चंचलला कळलेलं नाही. कोणालाच नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

चंचलचा भाऊ हेमराज मोहर्लीला सफारीची जिप्सी चालवतो. त्याचा फोन आला होता, चंचलनं स्पीकरवर ठेवला, मी भाजी चिरत होते. तो म्हणाला, "तुया मैत्रिणीच्या आगीनं लय गोंधळ केला न इथी."

माझ्या आगीनं.

कंट्रोल रूमनं त्या भागातल्या मचाणावर वायरलेस केला. वरून जंगलावर नजर ठेवायला तिथे श्रावण नावाचा मजूर असतो. उत्तर आलं नाही. तो पाणी आणायला खाली उतरला होता. जाळरेषेवरच्या लोकांना फोन लागेना, तिथे रेंज नाही. मग शेजारची टीम गाडीत घालून पळवली. गाडी थांबायच्या आत सुकलू नावाच्या माणसानं पाठीवर पाचोळा उडवायचं यंत्र घेऊन उडी मारली आणि धावत सुटला. नाल्यात पडला. मांडीचं हाड मोडलं. बाकीचे पोचले तर समोर आपल्याच खात्याची माणसं, आरामात पट्टी जाळत उभी!

"आन् श्रावणभाऊले काढलं कामावरून," हेमराज म्हणाला. "मचाण सोडलं म्हणून. त्यानं वायरलेस उचलला असता तं कोणी धावलंच नसतं म्हणते."

चंचल म्हणाली, "बरोबरच आहे न मंग. मचाण काऊन सोडाव?"

मी कांदा चिरत राहिले. बरं झालं, कांदा होता.

१६ फेब्रुवारी

एक गोष्ट लिहिते आणि मग ही वही उशीच्या अभ्र्यात घालते. श्रावण मचाणावरून उतरला होता हे ऐकलं तेव्हा मला बरं वाटलं. हायसं! चूक त्याचीही निघाली म्हणून.

अशी आहे मी.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सांगायला गेले होते. खरंच गेले होते. दारात उभं राहून तीनदा घसा खाकरला. सर फोनवर. हातानं बस म्हणाले. फोन ठेवला आणि हसत एक कार्ड पुढे केलं. बुधवारी शिवजयंतीला सावलीत माझा सत्कार! गावातल्या मंडळानं ठरवलंय, सरांनाही बोलावलंय.

मी म्हणाले, "सर, तो परवाचा नोटाम…"

"कोणता?"

"काही नाही सर."

काही नाही सर! बाहेर येऊन स्वतःला चिमटा काढला, दंड काळानिळा झालाय.

१८ फेब्रुवारी

चंचलनं नेसायला स्वतःची नवी साडी काढून दिली. निळी. घेतली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सावली. रात्रीची गाडी नव्हती, म्हणून घरीच राहिले आहे. सर मोटारीनं परत गेले.

फ्लेक्स होता. चौकात, बस थांबते तिथेच. माझं तोंड दरवाज्याएवढं, वर 'दिव्यानी' असं नाव, मागे विमान. आमच्या सेसनात जेमतेम दोन माणसं बसतात, आणि हे तीनशे प्रवाशांचं! खाली शुभेच्छुकांचे इतके फोटो की मी कमी आणि शुभेच्छुक जास्त.

शाल, श्रीफळ. माझ्या शाळेतल्या बाई रडल्या. मला बोलायला उभं केलं. आणि मी ठरवलं, आता. इथे. सगळ्यांसमोर सांगून टाकायचं. माईक धरला आणि म्हणाले, "मी या सत्काराला लायक नाही. त्या दिवशी मी सूचना नीट वाचली नव्हती. वेळ काढायला चुकले. वणवा नव्हताच."

मग टाळ्या!! कडकडाट!

अध्यक्षांनी माईक ओढून घेतला. "पाहा मंडळी, एवढी शिकली पोट्टी, पण गर्व आहे का? म्हणते मी लायक नाई! याले म्हणते संस्कार!" पुन्हा टाळ्या. बाबा पहिल्या रांगेत डोळे पुसत होते. मी सरांकडे पाहिलं. सर टाळ्या वाजवत नव्हते.

मी पुन्हा बोलायला हवं होतं. माईक मागून घ्यायला हवा होता. बसले. नारळ मांडीवर घेऊन बसले.

खरं सांगायचं तर टाळ्या पडल्या तेव्हा मनात आलं — सांगितलं ना मी? झालं की! त्यांना कळलं नाही तर माझा काय दोष?

२० फेब्रुवारी

सकाळी बाबांनी मिलवर जायच्या आधी विचारलं. चहाची बशी हातात, माझ्याकडे न बघता. "काल तू का म्हणत होतीस? लोकायनं टाळ्या वाजवल्या म्हणून मीबी वाजवल्या. पण मले समजलं नाई."

सगळं सांगितलं. लंडनची वेळ, साडेपाच तास, नाला, हाड, मचाण. आई चुलीजवळून उठून आली आणि उंबऱ्यात उभी राहिली.

बाबांनी बशीतला चहा संपवला. मला वाटलं आता म्हणतील, होते चूक, जाऊ दे. ते म्हणावं म्हणून तर सांगत होते बहुतेक.

"मंग त्या मचाणवाल्याचं का?" ते म्हणाले.

"मी काय करू बाबा?"

"मले सांगून का होते? मी का जंगलखात्याचा साहेब आहो?" बशी खाली ठेवली. खुंटीवरची शाल काढली, घडी घातली, पेटीत ठेवली. माझ्यावर ओरडले असते तर चाललं असतं. त्यांनी शाल अशी घडी केली की आपल्या घरची नाहीच ती.

आई एवढंच म्हणाली, "मिलमध्ये आता का सांगतीन हे?"

बसमध्ये अख्खा रस्ता खिडकीला डोकं टेकून आले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सरांना सांगितलं. दारात खाकरले नाही. सरळ आत.

सर ऐकत होते. मधे तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "परवा सावलीहून येताना गाडीत मीच हिशेब केला. साडेपाच मिळवले." मग फाईलमधून माझा त्या दिवशीचा कागद काढला. माझी सही. तिच्या खाली त्यांची सही.

"तुले मी रेडिओवर विचारलं. तू म्हटलं वाचलं. कागद माझ्या टेबलावर होता, हातभर अंतरावर. मी काऊन नाही पाहिला? तर पोरगी हुशार आहे, साडेपाचवाली आहे." चष्मा काढून टेबलावर टाकला. "आता दोघंबी लिहून देऊ. तू तुझं, मी माझं."

मला वाटलं होतं ते चिडतील. चिडले पण. मी दाराशी पोचले तेव्हा. "आन् चार दिवस का झोपली होतीस? चूक तर एका मिनिटाची होती. हे चार दिवस कोणाचे?"

चार नाहीत, सात. मी दुरुस्त केलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

चंचलची स्कूटी घेऊन मोहर्लीकडे. हेमराजनं घर दाखवलं आणि तो बाहेरच थांबला.

सुकलू खाटेवर. पाय कमरेपर्यंत प्लास्टरमध्ये. भिंतीला टेकून श्रावणभाऊ बसलेले, रोज येतात म्हणे त्याच्याकडे. आता कामच नाही. दोघांनाही मी म्हातारं समजत होते, का कोण जाणे. सुकलू तिशीचा असेल. मी नाव सांगितलं तर म्हणाला, "माहीत आहे जी. पेपरात फोटो मोठा आला तुमचा."

मी सांगितलं. ह्या वेळी सोप्या भाषेत. आग नव्हती. वेळ मला सांगितलेली होती, मी चुकीची वाचली. तुम्हाला उगाच धावायला लावलं. श्रावणभाऊंनी वायरलेस उचलला नाही हे खरं, पण तो वाजायलाच नको होता. मी जंगलखात्यात आणि क्लबात लिहून दिलंय.

श्रावणभाऊ हात हलवून म्हणाले, "मी खाली उतरलोच होतो न बाई. ते खोटं थोडंच आहे?"

सुकलू त्यांच्यावरच खेकसला, "तू चूप रे!" मग माझ्याकडे बघून, "एक सांगा. वरून आमी दिसतो का तुमाले?"

"नाही," मी म्हणाले. "धूर दिसतो. माणसं नाही दिसत."

"हां." आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्याची बायको नीलाबाई चहा घेऊन आली. कप माझ्या हातात दिला. मी पिईपर्यंत समोर उभी राहिली, आणि रिकामा कप घेऊन आत गेली. पुन्हा बाहेर आली नाही.

माफी मागितली का मी? मागितली. वाक्य पूर्ण झालं की नाही ते आठवत नाही.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

श्रावणभाऊंना परत घेतलं! हेमराजचा फोन. माझ्या पत्रामुळे की त्यांना माणूसच मिळेना म्हणून, देव जाणे. पण घेतलं. मचाणही तेच.

माझं उड्डाण महिनाभर बंद. एकटीची उड्डाणं पुन्हा पहिल्यापासून. सरांनाही वरून ताकीद आली, त्यांनी ती स्वतःच्या टेबलावर काचेखाली ठेवलीय. पेपरवाल्याला मी फोन केला होता, खरी बातमी छापा म्हणून. म्हणाला, "मॅडम, आता ती जुनी झाली."

उपास असूनही आज पोटभर साबुदाणा खाल्ला. दोन आठवड्यांत पहिल्यांदा.

बाबांना फोन केला. "बरं केलं," म्हणाले. मिलमध्ये सांगितलं का विचारायची हिंमत झाली नाही. त्यांनीच सांगितलं, "सांगितलं मी सगळ्यायले. हसले थोडे. हसू दे."

८ मार्च, शनिवार

काल सरांनी सगळ्या बॅचेस एकत्र बसवल्या आणि मला उभं केलं. म्हणाले, दुसऱ्याच्या चुका पुस्तकात असतात, ही आपल्या घरची आहे, ऐका. मी फळ्यावर वेळ लिहिली. मग सगळं सांगितलं, मचाण आणि नाल्यासकट. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. फार बरं वाटलं!

नंतर जेवताना पोरं माझ्याकडे बघत नव्हती. चालायचंच. पण काम झालंय. आज सकाळी बघितलं, नोटामच्या कागदावर एकेक जण बोट ठेवून वाचत होता, ओठ हलवत. वेळ काढून शेजाऱ्याला दाखवत होता. चंचलही. ती तर आता दोनदा वाचते.

लाज गेलेली नाही. पण निदान कामाला लागलीय. अशी लाज सहन होते.

११ मार्च, मंगळवार

मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून कोणीतरी झाडाखालचा पाचोळा पेटवला आणि आग सुटली. मोहर्लीच्या अलीकडे. दुपारपर्यंत सगळा उतार जळून गेला, अजून विझलेली नाही. इथून धूर दिसतोय.

सकाळी चंचल त्याच्यावरून गेली होती. तेव्हा तो एवढासा होता. तिनं पाहिला. रेडिओवर बोलली नाही. आजच्या कागदांत जाळरेषेची एकही सूचना नव्हती, आणि तिनं ते वाचलं होतं. दोनदा.

मी विचारलं, "काऊन नाई सांगितलंस?"

खाली बघत होती. म्हणाली, "म्हटलं, उगा आपलीबी दिव्यानी होईन."